इन्स्टॉलेशन दर वेळी नव्या जागी अडकतं

प्रश्न : जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स मिंट टाकतोय. ४ जीबीच्या दोन रॅम आहेत. इन्स्टॉलेशन दर वेळी वेगळ्याच टप्प्यावर थांबतं, कधी ‘स्क्वॉशएफएस एरर’ येते. विंडोज मात्र चालायचं. हार्ड डिस्क बदलू का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : थांबा, डिस्कवर पैसे घालू नका. अडकण्याची जागा बदलते, म्हणून माझा पहिला संशय रॅमवर आहे. अर्धवट उतरलेली आयएसओ (मिंटची डाउनलोड केलेली इन्स्टॉलेशन फाइल) बहुधा त्याच त्या ठिकाणी अडवते. तरी तिचा शा-२५६ चेकसम, म्हणजे फाइल जशीच्या तशी उतरली का हे पडताळायचा आकडा, आधी जुळवून घ्याच.

मग पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवा. एक जरी चूक दिसली तरी नापास समजा. स्क्वॉशएफएस या आयएसओतल्या फाइल-साठ्यात माहिती दाबून भरलेली असते. एक बिट उलटला की अख्खा ब्लॉक उलगडत नाही. विंडोज अशा रॅमवरही रेटत राहतं आणि सेव्ह होणाऱ्या फायली गुपचूप बिघडू शकतात. मला खरी काळजी त्याचीच वाटते, तेव्हा फोटोंची जुनी प्रत जपून ठेवा.

चूक आलीच तर प्लग काढून एकेक रॅम त्याच स्लॉटमध्ये तपासा. दोन्ही नापास झाल्या तर स्लॉट बदलून पाहा, दोष मदरबोर्डचाही असतो. चांगली निघालेली एकटी ४ जीबी मिंटच्या एक्सएफसीई या हलक्या आवृत्तीला पुरते.