‘ग्रँडफादरिंग’मधले आजोबा कोण?

शेअर आणि म्युच्युअल फंडांवरील करांविषयीच्या मराठी लेखांत ‘ग्रँडफादरिंग’ हा शब्द वारंवार भेटतो. या शब्दातले आजोबा कोणाचे, आणि त्याला चांगला मराठी प्रतिशब्द कोणता, असे एका वाचकाने विचारले आहे. प्रतिशब्दाचा विचार थोडक्यात होण्यासारखा आहे, तो शेवटी करतो. आजोबांचा प्रश्न मात्र अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांच्या इतिहासात नेणारा आहे, आणि तो इतिहास कळल्यावाचून मतदारयाद्या, ओळखपत्रे व मतदारसंघांच्या सीमा यांवरून त्या देशात आज चालू असलेला झगडा इतका तीव्र का आहे, हेही उमगत नाही. म्हणून ते उत्तर सविस्तर देतो.

आधी आजचा अर्थ पाहू. नवा नियम येण्यापूर्वी जे ज्या स्थितीत होते, त्यांना त्या स्थितीचा लाभ तसाच चालू ठेवायचा आणि नवा नियम फक्त पुढच्यांना लावायचा, याला ‘ग्रँडफादरिंग’ म्हणतात. २०१८ च्या अर्थसंकल्पात समभागांवरील एक लाखावरच्या दीर्घकालीन भांडवली नफ्यावर दहा टक्के कर आला, तेव्हा ३१ जानेवारी २०१८ पर्यंत झालेली मूल्यवाढ करातून वगळण्यात आली. तेव्हापासून हा शब्द आपल्याकडील गुंतवणूकदारांच्या तोंडी बसला. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पूर्वी शासकीय सेवेत लागलेल्यांना जुनी पेन्शन आणि नंतर लागलेल्यांना नवी, ही व्यवस्थाही याच जातीची. या अर्थात आक्षेपार्ह काही नाही. चालू व्यवहाराच्या मध्येच नियम बदलू नयेत, ही न्यायाचीच अपेक्षा आहे.

शब्द जन्मला तेव्हा मात्र त्याचे काम अगदी वेगळे होते.

अमेरिकेच्या उत्तरेकडील व दक्षिणेकडील राज्यांमधील यादवी युद्ध १८६५ मध्ये दक्षिणेच्या पराभवाने संपले आणि तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी गेली. मार्च १८६७ मध्ये काँग्रेसने, म्हणजे तेथील संसदेने, पराभूत दक्षिणेच्या पुनर्रचनेचे कायदे केले आणि तेथील कृष्णवर्णीय पुरुषांना पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर मत मिळाले. १८७० मध्ये पंधराव्या घटनादुरुस्तीने वंश, वर्ण किंवा पूर्वीची गुलामी या कारणांवरून कोणाचाही मताधिकार नाकारण्यास बंदी केली. पुढची काही वर्षे कृष्णवर्णीय मतदारांनी आपले प्रतिनिधी राज्यांच्या विधिमंडळांत आणि थेट वॉशिंग्टनपर्यंत पाठवले. १८७७ मध्ये उरलेल्या संघीय सैन्याचा दक्षिणेच्या राजकारणावरचा पहारा उठला आणि जुन्या सत्ताधाऱ्यांपुढे एकच प्रश्न उरला: घटनेत वंशाचे नाव घेण्यास बंदी आहे, मग नाव न घेता तेच कसे साधायचे?

मिसिसिपीने १८९० च्या राज्यघटनेत पहिले उत्तर दिले. मत द्यायचे तर दोन डॉलर कर भरलेला हवा, आणि राज्यघटनेतील एखादे कलम वाचून दाखवता आले पाहिजे किंवा ऐकून त्याचा समंजस अर्थ सांगता आला पाहिजे. अर्थ समंजस आहे की नाही, हे ठरवणार नोंदणी अधिकारी. (या कराला इंग्रजीत ‘पोल टॅक्स’ म्हणतात; त्यातला ‘पोल’ म्हणजे मतदान नव्हे, डोके. आपला जुना ‘डोईपट्टी’ हा शब्द त्याला नेमका लागू पडतो.) शब्दांत कोठेही वर्ण नव्हता, आणि १८९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही व्यवस्था ग्राह्य धरली.

पण या उपायात सत्ताधाऱ्यांच्या दृष्टीने एक अडचण होती. दक्षिणेत निरक्षर आणि निर्धन गोरेही पुष्कळ होते, आणि चाचणीच्या चाळणीतून त्यांचीही नावे गळणार होती. ती अडचण सोडवताना लुइझियानाने १८९८ च्या राज्यघटनेत आजोबांना बोलावले. मतदाराला लिहितावाचता येत असावे किंवा त्याच्याकडे तीनशे डॉलर किमतीची मालमत्ता असावी, असा सर्वसाधारण नियम करून त्याला एक अपवाद जोडला गेला: जो स्वतः १ जानेवारी १८६७ रोजी किंवा त्यापूर्वी मतदानास पात्र होता, किंवा अशा माणसाचा जो मुलगा अथवा नातू आहे, त्याला या दोन्ही अटी लागू नाहीत. नोंदणीची मुदत फक्त १ सप्टेंबर १८९८ पर्यंत होती.

सगळे कलम त्या तारखेत आहे. १ जानेवारी १८६७ म्हणजे पुनर्रचनेच्या कायद्यांच्या दोन महिने आधीचा दिवस. त्या दिवशी लुइझियानात कोणत्याही कृष्णवर्णीय माणसाला मत नव्हते. न्यू ऑर्लीन्समधल्या, पिढ्यान्‌पिढ्या स्वतंत्र असलेल्या, शिकलेल्या आणि मालमत्ता बाळगणाऱ्या कृष्णवर्णीय व मिश्रवंशीय नागरिकांनाही नव्हते. त्यांनी तर १८६४ मध्ये वॉशिंग्टनला जाऊन राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्याकडे मताधिकारासाठी अर्ज केला होता, आणि १८६६ च्या जुलैमध्ये याच मागणीसाठी शहरात भरलेल्या सभेवर हल्ला होऊन अनेक जण मारले गेले होते. तेव्हा ज्यांच्या आजोबांना मत होते ते सारे गोरे, आणि ज्यांचे आजोबा गुलाम होते किंवा मतासाठी झगडत होते ते सारे बाहेर. कलमात वर्णाचा उल्लेख एकदाही नाही, आणि तरी ते वर्णाशिवाय दुसरे काहीच बोलत नाही. ही राज्यघटना बनवणाऱ्या अधिवेशनाच्या अध्यक्षांनी तर भर सभेत सांगून टाकले होते की ही तरतूद हास्यास्पद दिसते की नाही याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. गोऱ्याला मत देता येते आणि काळ्याला थांबवता येते, आणि आपण त्यासाठीच येथे जमलो आहोत, असे ते म्हणाले.

परिणाम लगेच दिसला. लुइझियानातील नोंदणीकृत कृष्णवर्णीय मतदार १८९६ मध्ये सुमारे १,३०,००० होते. १९०० मध्ये ते सुमारे ५,००० उरले. नॉर्थ कॅरोलायना, अलाबामा, जॉर्जिया, ओक्लाहोमा या राज्यांनी पुढच्या दहा-बारा वर्षांत आपापल्या आवृत्त्या काढल्या, आणि या तरतुदीला लोकांनी दिलेले ‘ग्रँडफादर क्लॉज’, म्हणजे ‘आजोबा-कलम’, हे नाव रूढ झाले.

२१ जून १९१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ओक्लाहोमाचे कलम रद्द केले. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश एडवर्ड व्हाइट हे स्वतः लुइझियानाचे आणि तरुणपणी दक्षिणेच्या सैन्यात लढलेले होते, हे मला या कथेतले फार लक्षणीय वळण वाटते. त्यांचा युक्तिवाद तारखेवरच उभा आहे: ओक्लाहोमाने निवडलेल्या १ जानेवारी १८६६ या दिवसाला पंधराव्या घटनादुरुस्तीपूर्वीची स्थिती परत आणण्यापलीकडे काही अर्थच उरत नाही. (हा निकाल लागला तेव्हा डॉ. आंबेडकर न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. भारतात मत कोणाला द्यावे हे ठरवण्यासाठी नेमलेल्या साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या मताधिकारासाठी त्यांनी साक्ष दिली ती १९१९ मध्ये, आणि सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागितला तो १९२८ मध्ये. या घटनांत कार्यकारणभाव जोडण्याचा माझा हेतू नाही, पण एकाच काळात दोन समाज एकाच प्रश्नाशी झुंजत होते, एवढे नोंदवावेसे वाटते.)

निकालाने प्रत्यक्षात फारसे बदलले नाही, आणि आजच्या अमेरिकेच्या दृष्टीने हाच भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. बहुतेक राज्यांत आजोबा-कलमाची मुदत केव्हाच संपली होती; ज्या गोऱ्यांची नावे यादीत चढायची ती चढून बसली होती, आणि मागे उरलेल्या कर व साक्षरतेच्या अटी शाबूत होत्या. ओक्लाहोमाने तर १९१६ मध्ये नवा कायदा केला: १९१४ मध्ये ज्यांनी मत दिले ते आपोआप मतदार, बाकीच्यांनी ३० एप्रिल ते ११ मे १९१६ या बारा दिवसांत नाव नोंदवावे, नाहीतर कायमचे मुकावे. १९१४ मध्ये मत कोणी दिले होते? रद्द झालेल्या आजोबा-कलमाने ज्यांना देऊ दिले त्यांनी. म्हणजे कलम मेले, पण त्याने बनवलेली यादी जिवंत राहिली. हा दुसरा कायदा रद्द व्हायला १९३९ उजाडले; त्या निकालात न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनी लिहिले की पंधरावी घटनादुरुस्ती भेदभावाचे भोळे प्रकार जसे रद्द करते तसेच चतुर प्रकारही करते.

एक दार न्यायालयाने उघडायचे आणि राज्याने शेजारचे बंद करायचे, असा हा पाठलाग पुढे पन्नास वर्षे चालला. तो थांबवण्यासाठी १९६५ च्या मताधिकार कायद्याने एक वेगळीच युक्ती योजली. सेल्मा गावच्या पुलावर ७ मार्च १९६५ रोजी शांततापूर्ण मोर्च्यावर झालेल्या लाठीहल्ल्यानंतर त्या ऑगस्टमध्ये हा कायदा झाला. भेदभावाचा इतिहास असलेल्या राज्यांनी आणि परगण्यांनी मतदानाच्या नियमांत कोणताही बदल करण्यापूर्वी केंद्राची पूर्वमंजुरी घ्यावी, असे त्यात ठरले. नियम आधी होणार, नुकसान होणार आणि मग वर्षानुवर्षे खटला चालणार, हा क्रम त्यामुळे उलटला. मिसिसिपीत १९६५ पूर्वी जेमतेम ७ टक्के पात्र कृष्णवर्णीयांची नोंद होती. १९६७ पर्यंत ती ६० टक्क्यांच्या आसपास गेली.

२५ जून २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी पूर्वमंजुरीच्या या व्यवस्थेचा कणा काढून घेतला. कोणती राज्ये पूर्वमंजुरीच्या कक्षेत येतील हे ठरवणारे सूत्र १९६० आणि १९७० च्या दशकांतील आकड्यांवर बेतलेले आहे, देश बदलला आहे, जुन्या इतिहासाचा भार आजच्या राज्यांवर टाकता येणार नाही, असे बहुमताचे म्हणणे होते. त्याच दिवशी टेक्सासने आपला मतदार-ओळखपत्राचा कायदा अमलात आणत असल्याचे जाहीर केले. त्या कायद्यात बंदुकीचा परवाना ओळख म्हणून चालत होता आणि विद्यापीठाचे ओळखपत्र चालत नव्हते. नॉर्थ कॅरोलायनाने त्याच वर्षी केलेला कायदा २०१६ मध्ये संघीय अपील न्यायालयाने रद्द केला. मतदानाच्या कोणत्या सोयी कोणत्या वंशाचे लोक वापरतात याची आकडेवारी विधिमंडळाने आधी मागवली आणि मग कृष्णवर्णीय मतदार अधिक वापरतात त्याच सोयींवर जवळजवळ शस्त्रक्रियेच्या अचूकतेने घाव घातला, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला.

ओळखपत्राची प्रत्येक अट म्हणजे आजोबा-कलम, असे मी म्हणणार नाही. मतदानात ओळख पटवणे ही रास्त अपेक्षा आहे आणि अमेरिकेत तिला सर्व समाजांत मोठा पाठिंबा आहे. पण ज्या समाजाच्या आजोबा-पणजोबांनी वर्ण न उच्चारणाऱ्या कलमाने आपले मत जाताना पाहिले, तो समाज नव्या नियमाच्या शब्दांवर विसंबत नाही. यादीतून नेमकी कोणाची नावे जातात, ते पाहतो. बाहेरून पाहणाऱ्याला ही संशयवृत्ती अतिरेकी वाटू शकते. मला ती अनुभवाने आलेली वाटते.

शिवाय जुनी कलमे सगळीच गेलेली नाहीत. मिसिसिपीची १८९० ची राज्यघटना, बदलांसह का होईना, आजही लागू आहे. कोणत्या गुन्ह्यांसाठी मताधिकार कायमचा जावा याची त्यातली मूळ यादी करताना चोरी, जाळपोळ, खोट्या बतावणीने पैसे उकळणे, द्विभार्याविवाह असे गुन्हे घेतले गेले, कारण ते कृष्णवर्णीयांकडून अधिक घडतात अशी यादी करणाऱ्यांची समजूत होती. खून आणि बलात्कार त्या यादीत नव्हते. ते १९६८ मध्ये घातले गेले. फ्लोरिडात गुन्हेगारी शिक्षा भोगलेल्यांना मताधिकार परत देण्याच्या बाजूने २०१८ मध्ये सुमारे ६५ टक्के मतदारांनी कौल दिला, आणि पुढच्याच वर्षी विधिमंडळाने दंड व न्यायालयीन शुल्क पूर्ण भरल्याची अट जोडली. मत देण्यापूर्वी पैसे भरायला लावणे हे ज्यांनी डोईपट्टी म्हणून ऐकलेले होते, त्यांना ती अट कशी ऐकू आली असेल ते वेगळे सांगायला नको.

आता पुन्हा शब्दाकडे. मतदानाच्या संदर्भातून सुटून तो व्यापारात आला. १९३५ मध्ये अमेरिकेत मालवाहू मोटारींच्या धंद्याला परवाने लागू झाले, तेव्हा त्या वर्षी १ जूनला जे धंद्यात होते त्यांना आपोआप परवाना देणाऱ्या तरतुदीला लोक ‘ग्रँडफादर क्लॉज’च म्हणू लागले. पुढे नामाचे क्रियापद झाले, आजोबांचा संबंध विसरला गेला आणि फक्त ‘जुन्याला सवलत’ एवढा अर्थ उरला. अलीकडे काहींना तो विसर खटकू लागला आहे. मॅसॅच्युसेट्सच्या अपील न्यायालयाने २०२० मध्ये बांधकामाच्या एका साध्या खटल्यात, या शब्दाचा उगम वंशभेदी असल्यामुळे आपण तो वापरत नाही, असे तळटीपेत नमूद केले.

मराठीत तो टाळण्याचे कारण थोडे वेगळे आहे: आपल्या वाचकाला त्यातून अर्थच कळत नाही. ‘वडिलोपार्जित सवलत’ हा प्रतिशब्द मोहक वाटेल, पण तो फक्त १८९८ च्या मूळ कलमाला शोभतो. करसवलत वाडवडिलांकडून आलेली नसते. ‘पूर्वलक्षी’ किंवा ‘भूतलक्षी’ हे तर नेमके विरुद्ध अर्थाचे शब्द आहेत, कारण नियम मागच्या व्यवहारांना लागू होऊ नये यासाठीच ही सोय असते. कायद्याच्या मराठीत ‘निरसन व व्यावृत्ती’ ही जोडी रुळलेली आहे. त्यातील ‘व्यावृत्ती’ अर्थाने जवळची असली, तरी तिची व्याप्ती अधिक आहे आणि सामान्य वाचकाला ती ‘ग्रँडफादरिंग’इतकीच अपरिचित. म्हणून करांविषयी लिहिताना मी ‘पूर्वस्थिती-संरक्षण’ हा शब्द सुचवतो, आणि वाक्यात सोय असेल तेथे ‘जुन्यांना जुनाच नियम’ असे सरळ लिहावे. अमेरिकेच्या इतिहासाविषयी लिहिताना मात्र ‘आजोबा-कलम’ हाच शब्द ठेवावा, कारण तेथे आजोबा वगळले तर कलमाचा हेतूच नाहीसा होतो.