रॅकेट आपटण्याआधीचे २५ सेकंद

प्रिय बेटा,

तुझी कालची टेनिसची मॅच मी शेवटपर्यंत बघितली. दुसऱ्या सेटला ४-४ ला तुझा डबल फॉल्ट झाला, म्हणजे दोन्ही सर्व्हिस चुकून पॉइंट गेला, तू रॅकेट मांडीवर आपटलीस आणि लगेच बॉल घेऊन लाईनवर उभा राहिलास, श्वास पण नीट घेतला नव्हतास, खांदे कानाला टेकलेले, आणि ग्रिप एवढी आवळलेली की मनगट हलायलाच जागा नव्हती, मग बॉल नेटमध्ये जाणार नाही तर काय होणार? तिथून पुढे तू समोरच्याशी खेळतच नव्हतास, त्या एका डबल फॉल्टशी भांडत होतास.

राग आला म्हणून मी तुला ओरडणार नाही. जिंकायची ओढ आहे म्हणून राग येतो. मी पण एकदा तिसऱ्या सेटला ५-२ ने पुढे असताना एका लाईन कॉलवरून डोकं फिरवून घेतलं आणि पुढचे पाचही गेम घालवले, आजही तो बॉल मला आत पडलेलाच दिसतो, पण हरलो त्या कॉलमुळे नाही, नंतरच्या वीस मिनिटांमुळे.

फेडरर लहानपणी रॅकेट फोडायचा हे तुला माहीत आहेच. त्याने २०२४ मध्ये डार्टमथ कॉलेजमध्ये भाषण करताना सांगितलं की करिअरमधल्या १,५२६ सिंगल्स मॅचेसपैकी जवळपास ८० टक्के जिंकल्या, पण पॉइंट्स फक्त ५४ टक्केच. म्हणजे जवळजवळ दर दुसरा पॉइंट तोसुद्धा हरायचा! हे वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ तसाच बसून होतो.

आता काय करायचं ते सांगतो. दोन पॉइंट्सच्या मध्ये २५ सेकंद मिळतात आणि तू त्यातले सातआठच वापरतोस, ते पण चिडण्यात. पॉइंट गेला की आधी पाठ फिरव, टॉवेलकडे चालत जा, घाम नसला तरी जा. रॅकेट डाव्या हातात घे म्हणजे उजव्या हाताची बोटं मोकळी होतील. मग नाकाने श्वास घे आणि तोंडाने सावकाश सोड, घेतलास त्याच्या दुप्पट वेळ लावून, कारण सोडताना हृदयाचे ठोके खाली येतात. "शांत हो, शांत हो" असं स्वतःला बजावू नकोस, त्याने कोणी शांत झालेलं मी तरी पाहिलं नाही. त्यापेक्षा पुढची सर्व्हिस कुठे टाकायची एवढंच ठरव. बाजू बदलताना ९० सेकंद मिळतात, तेव्हा बस, पाणी पी, आणि प्रेक्षकांत तुझ्या बाबांचा चेहरा शोधू नकोस. काल चार वेळा शोधलास, मी मोजलंय.

उद्या प्रॅक्टिसला सेट खेळू. मी मुद्दाम चुकीचे कॉल देणार आहे, आत पडलेला बॉल आउट म्हणणार आहे, वाद घालायचा नाही, टॉवेलकडे जायचं. टॉवेल मात्र आठवणीने आण.

तुझा,
सर