बाळाला व्हेंटिलेटरऐवजी सीपॅप लावला आहे. उपचार कमी पडत आहेत का?

एकतिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाला श्वासाचा त्रास असूनही डॉक्टरांनी व्हेंटिलेटर न लावता नाकात नळ्या घालून सीपॅप (सतत हलक्या दाबाने हवा देणारे उपकरण) का लावला, असे आपण विचारले आहे. मी नाशिकमध्ये नवजात अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. हा उपचार मुळीच दुय्यम नाही. कमी दिवसांच्या, पण स्वतः श्वास घेणाऱ्या बाळासाठी सुरुवात यानेच करतात.

फुफ्फुसांतील वायुकोश, म्हणजे हवेच्या बारीक पिशव्या, उघडे ठेवणारा सरफॅक्टंट हा पदार्थ साधारण चौतीस-पस्तीस आठवड्यांपूर्वी पुरेसा तयार झालेला नसतो. त्यामुळे श्वास सोडताना वायुकोश ओल्या प्लॅस्टिकच्या पिशवीसारखे आतून चिकटतात, आणि ते पुन्हा उघडण्याच्या धडपडीत बाळ कण्हते, त्याच्या नाकपुड्या फुलतात, बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातो. सीपॅप बाळाच्या वतीने श्वास घेत नाही. श्वास सोडल्यावरही फुफ्फुसांत थोडा दाब टिकवतो. व्हेंटिलेटरसाठी श्वासनलिकेत नळी घालावी लागते आणि त्यातून फुफ्फुसांना इजा व जंतुसंसर्ग होण्याचा धोका वाढतो. नवजात बाळांसाठी ही पद्धत १९७१ सालीच मांडली गेली, त्यामुळे आपल्या बाळावर काही नवा प्रयोग चालला आहे असेही समजू नये.

बबल सीपॅपमध्ये नळीचे टोक बाटलीतील पाण्यात ५ सेंटिमीटर बुडवले की तेवढ्या उंचीच्या पाण्याइतकाच दाब मिळतो. बुडबुडे थांबले, तर कुठेतरी हवा गळते आहे असे धरून आम्ही आधी बाळाचे नाक आणि उघडे राहिलेले तोंड पाहतो. नाकातील नळ्या मधल्या पडद्याला टेकू नयेत म्हणून दर काही तासांनी त्या सैल करून त्वचा तपासावी लागते, कारण तिथे आलेली लाली दुर्लक्षिली तर जखम होते. माझ्या मते सीपॅपचे यश यंत्राच्या किमतीपेक्षा या देखरेखीवर ठरते. एका परिचारिकेकडे किती बाळे आहेत, हे निःसंकोच विचारा. शिवाय हा आधार लवकर मिळावा लागतो, म्हणूनच सुरगाणा किंवा पेठसारख्या दूरच्या तालुक्यांतून उशिरा पोहोचणाऱ्या बाळांसाठी जीव तुटतो.

श्वास वारंवार थांबू लागला किंवा ऑक्सिजनची गरज वाढत गेली, तर औषध म्हणून दिलेला सरफॅक्टंट किंवा व्हेंटिलेटर लागू शकतो; तो निर्णय डॉक्टर तपासून घेतील. पोटात शिरलेली हवा तोंडातून घातलेल्या नळीवाटे बाहेर काढता येते आणि डॉक्टरांनी परवानगी दिली की त्याच नळीने आईचे दूधही देता येते. त्यासाठी बाळाच्या आईने दर दोन-तीन तासांनी दूध काढत राहावे, आणि बाळ स्थिर झाल्यावर सीपॅप चालू असतानाच त्याला छातीशी घेता येईल का, हे राउंडच्या वेळी विचारावे.