‘व्हेरी’ म्हणजे नुसतं ‘खूप’ नव्हे

प्रश्न असा की ‘व्हेरी’ आणि ‘टू’ दोन्हींचा अर्थ ‘खूप’च, मग ‘पिक्चर टू गुड होता’ म्हटलं तर काय बिघडलं? बिघडतं हो! ‘टू’ म्हणजे नको इतकं. ‘व्हेरी स्मॉल’ बूट तान्ह्या बाळाला छान बसतो, ‘टू स्मॉल’ बूट ज्याच्यासाठी आणला त्याच्या पायातच जात नाही. ‘यू आर टू काइंड’ म्हणतात ना, असं कोणीतरी म्हणेलच, पण तिथेही ‘माझ्या लायकीपेक्षा जास्त’ हाच भाव आहे. संपला विषय.

खरी गंमत ‘व्हेरी’त आहे आणि ती कोणी सांगतच नाही, कोशवाले आपले ‘फार, अतिशय’ लिहून मोकळे. मूळ लॅटिन ‘वेरुस’ म्हणजे खरा, त्यावरून जुन्या फ्रेंचमधे ‘वेराय’, आणि तिथून तेराव्या शतकात शब्द इंग्रजीत आला तोही ‘खरा’ याच अर्थाने, विशेषण म्हणून. 1611च्या इंग्रजी बायबलात दृष्टी गेलेला म्हातारा इसहाक, थोरला मुलगा एसाव असल्याचं सोंग घेऊन आलेल्या धाकट्या याकोबाला चाचपून बघायला जवळ बोलावतो, की तू माझा ‘व्हेरी सन’ एसाव आहेस की नाही. आता कोशातला अर्थ लावा, ‘खूप मुलगा’! ‘द व्हेरी मॅन’ म्हणजे नेमका तोच माणूस, हे त्याचंच उरलेलं रूप. ‘व्हेरिफाय’ याच घरातला, आणि ‘व्हर्डिक्ट’ म्हणजे तर शब्दशः ‘खरं बोललेलं’.

म्हणजे जोर द्यायचा तर माणूस आधी ‘खरं’ला हात घालतो. ‘ट्रूली’, ‘रिअली’, आपलं ‘खरंच सुंदर’, सगळे त्यातलेच. आणि ते पुरलं नाही की भीती नाहीतर दुखणं. जर्मनमधे ‘खूप’ला ‘झेअर’ म्हणतात, तो इंग्रजी ‘सोअर’चा सख्खा भाऊ, मूळ अर्थ दुखरा. त्याच बायबलात देवदूत बघून मेंढपाळ ‘सोअर अफ्रेड’ होतात म्हणजे फार घाबरतात. ‘ऑफुली’, ‘टेरिबली’ तसेच. त्यामुळे ‘भयंकर आवडलं’ ऐकून नाक मुरडणाऱ्या शुद्धवाद्यांनी आधी इंग्रज आणि जर्मनांची शिकवणी घ्यावी, मग आमच्याकडे यावं. माझं तर मत आहे की ‘लिटरली’ही त्याच ‘खरं’च्या रांगेत उभा आहे आणि अजून काही पिढ्यांनी त्याचा निव्वळ ‘खूप’ होणार, कोणी कितीही चिडो. लेखनशैलीची पुस्तकं ‘व्हेरी’ दिसला की कापा म्हणतात तेही मला पटत नाही, शब्द झिजलाय म्हणून गुन्हेगार होत नाही.

हां, एक राहिलं, ‘आय व्हेरी लाइक इट’ मात्र लिहू नका, क्रियापदाला तो एकटा लागत नाही, ‘व्हेरी मच’ लागतं आणि तेही सहसा शेवटी, ‘आय लाइक इट व्हेरी मच’.