भवानीच्या आधीचे सातशे रुपये

प्रिय आत्या,

मी २७ वर्षांचा, इंदूरचाच, सुदामानगरात राहतो. आयटीत नोकरी. यंदा बिनपगारी रजा टाकून ४३ दिवस पाठीवर सॅक घेऊन सोलो फिरून आलो. आयुष्यातले सगळ्यात भारी दिवस! वृंदावनात माकडाने चष्मा पळवला, फ्रुटी दिली तेव्हा कुठे सोडला. बनारसला गेस्ट हाउसवाल्याने अकराला दार लावून घेतलं, रात्र अहिल्याबाई घाटाच्या पायऱ्यांवर काढली. किन्नौरमध्ये दरड कोसळली, रेकाँग पिओला दोन रात्री अडकलो, एका खोलीत सात जण आणि बादली एक. परतीच्या गाडीत तर कहर झाला. ऑनलाइन काढलेलं तिकीट वेटिंगलाच राहिलं, तरी स्लीपरमध्ये चढलो. झाशीच्या आसपास चार्जिंगला लावलेला फोन गेला. पैसे सगळे फोनमध्ये, खिशात एक नोट नाही! टीसीने पहाटे साडेतीनला बीनाला उतरवलं. स्टेशनबाहेर एक पोहेवाल्या बाई गाडी लावत होत्या. त्यांनी पोहे खाऊ घातले (ठीकठाक होते, वरून आपला इंदुरी मसाला, जिरावण, नव्हतं) आणि डब्यातून ७०० रुपये काढून दिले. मी तीनशेच मागितले होते! ‘पोचलो की पाठवतो’ म्हटलं आणि निघालो. भारी लोक असतात यार आपल्या देशात.

आता मुद्दा. परत येऊन अडीच महिने झाले, बाबा माझ्याशी धड बोलत नाहीत. त्यांचं खजुरी बाजारात वह्या-पुस्तकांचं दुकान आहे, ३० वर्षं तिथून हलले नाहीत, त्यांना प्रवास काय कळणार? आलो त्याच रात्री किस्से सांगत होतो. आई आणि ताई हसून लोळत होत्या, आणि बाबा बीनाचं ऐकता ऐकता उठून हिशेब करायला गेले. मला आता नोकरी सोडून वर्षभर फिरायचंय. सोडू का? बाबांना कसं पटवू?

– एक भटका

अरे भटक्या,

तुझी मेल छापून काढली तर चार पानं भरली. वर आहे ती मी कात्री लावलेली. मुळात माकडाला एक पान आहे, त्या बादलीलाच अर्धं. बाबांच्या तक्रारी पाऊण पान. ‘सोलो’ हा शब्द अकरा वेळा. आणि बीनाच्या बाई साडेचार ओळींत आटोपल्यास, त्यातही एक कंस जिरावण नसल्याच्या तक्रारीचा. मी त्या साडेचार ओळींवर अडकले ती अडकलेच.

पैसे परत केलेस का रे?

चारही पानं दोनदा पाहिली. नवा फोन घेतल्याचं आहे, कुठला, केवढ्याला, तेही आहे. हा किस्सा छप्पनवर, त्या खाऊगल्लीत, मित्रांना सांगितलास आणि सगळ्यांना तोच जास्त आवडतो, हेही आहे. पैसे दिल्याचं कुठे नाही.

‘पोचलो की पाठवतो.’ कुठे पाठवणार होतास? नाव विचारलं नाहीस. पत्ता नाही. फोन चोरीला गेला होता हे खरं, पण बाईंचा नंबर कागदावर उतरवून घ्यायला फोन लागत नाही. आणि त्यांनीही तुला काही विचारलं नाही, ते तुझ्या लक्षात आलंय का? धंदा करणारी बाई आहे ती. नाव-गाव न विचारता दिलेले पैसे कुठे जातात हे तिला चांगलं ठाऊक असणार. तरी दिले. तू तीनशे मागितलेस आणि तिने सातशे दिले, कारण पोरगा रस्त्यात काहीतरी खाईल.

आता तो डबा. तू त्याच्यासमोर उभा होतास, पण पाहिलास असं मला वाटत नाही. पहाटे साडेतीन-चारला पोह्याच्या गाडीवरच्या डब्यात काय असतं? आदल्या दिवसाच्या विक्रीतून बाजूला काढलेले आजच्या मालाचे पैसे. पोहे, तेल, शेंगदाणे, कांदे, सिलिंडर. आणि थोडे सुटे, कारण पहिलंच गिऱ्हाईक पाचशेची नोट पुढे करतं. प्लेट वीस रुपयांची धरली तर ७०० म्हणजे ३५ प्लेटी झाल्या. ही नुसती विक्री. त्यातून तेल, गॅस, कांदा वजा कर, म्हणजे हातात पडणाऱ्या पैशांचा हिशेब तुझा तुलाच लागेल.

त्यात ती वेळ. भवानी व्हायची होती अजून. इंदूरचा आहेस ना, बोहनी म्हणजे काय माहीत असेलच. उद्या सकाळी सराफ्यात नाहीतर बर्तन बाजारात शटर वर जात असताना जाऊन उभा राहा आणि काहीही उधार माग. मालक ओळखीचा असला तरी हात जोडेल, ‘भैया, बोहनी तो होने दो.’ दिवसाची पहिली नोट आली की ती कपाळाला लावून गल्ल्यात टाकायची, तोवर गल्ल्यातून काही बाहेर जात नाही. आयुष्यभर पाळलेली गोष्ट असते ती. या बाईने एका अनोळखी, अंघोळ न केलेल्या पोरासाठी भवानीच्या आधी डबा उघडला. आणि तू लिहितोस, भारी लोक असतात यार.

आणखी एक. तुझं ते वेटिंगचं ऑनलाइन तिकीट. चार्ट लागल्यावरही सगळं वेटिंगलाच राहिलं की असं तिकीट आपोआप रद्द होतं आणि पैसे खात्यात परत येतात. म्हणजे तू त्या गाडीत विनातिकीट होतास. भाडं आणि वर निदान २५० रुपये दंड व्हायचा, तो न होता बीनाला उतरवलास हे नशीब समज. पण माझा मुद्दा तो नाही. तिकिटाचे पैसे तुला परत आले असतील. अर्ज नाही, विनंती नाही, रेल्वेने मुकाट खात्यात टाकले असतील. रेल्वेला जमलं.

आता बाबा. तू लिहितोस, त्यांना प्रवास काय कळणार. अरे, त्या रात्री घरात तुझा प्रवास कळलेला तो एकच माणूस होता. बाकीच्या दोघी माकडाला हसत होत्या. ३० वर्षं खजुरी बाजारात दुकान मांडून बसलेला माणूस आहे. शाळा उघडल्या की ‘शनिवारी देतो’ म्हणून वह्यांचे गठ्ठे नेणारे, आणि मग शनिवारी समोरच्या फुटपाथवरून मान खाली घालून जाणारे, असे किती पाहिले असतील त्याने. भवानीच्या आधी सुटलेले सातशे रुपये किती वजनाचे असतात हे त्याला कुणी सांगायला नको. तू बीनावर आलास तेव्हा तो ऐकत होता. पैज लावते, तो शेवटच्या वाक्याची वाट बघत होता, ‘आणि मग मी त्यांना पैसे पोचते केले.’ ते वाक्य आलं नाही. तू भोपाळच्या बसमध्ये चढलास, आई हसली, आणि बाबा उठले.

हिशेब करायला गेले म्हणतोस. बरोबरच आहे की.

माझ्या सासूबाई साठी उलटल्यावर ओंकारेश्वरहून नर्मदा परिक्रमेला निघाल्या होत्या. १३१२ किलोमीटरची नदी. ती उजव्या हाताला ठेवून एका काठाने जायचं, दुसऱ्या काठाने यायचं, मधे कुठे ओलांडायची नाही. आता लोक गाडीने करतात, त्या पायी गेल्या. कमरेला जेमतेम पैसे. संध्याकाळी गावात शिरून ‘नर्मदे हर’ म्हटलं की कुणीतरी सदाव्रत घालायचं, ओंजळभर पीठ, मूठभर डाळ, मीठ, दोन मिरच्या. एका वेळचं घ्यायचं, गाठोड्यात साठवायचं नाही. परत आल्या तेव्हा पायांना नखं नव्हती धड, पण पहिली कढई केली. शिरा करून मैयेला दाखवला, कुमारिकांना जेवू घातलं. त्यांच्याजवळ एक फाटकी चोपडी होती. कुठल्या गावात कुणाकडचं खाल्लं ते त्यात लिहून ठेवलेलं, शुद्धलेखन विचारू नकोस. पुढे दर नर्मदा जयंतीला त्या चोपडी काढायच्या आणि जमेल तिथे जमेल ते पाठवायच्या, कुणाला साडीचोळी, कुठल्या देवळाला तेल. मी नवी सून, एकदा म्हटलं, ‘आई, ते तर दान होतं, परत कशाला?’ म्हणाल्या, ‘खाल्लेलं पचायला नको?’

ते सदाव्रत होतं. तुझं उसनं आहे.

आणि ‘सोलो’चं काय घेऊन बसलायस? बनारसला दार बंद झालं तर ज्या पायऱ्यांनी तुला रात्रभर घेतलं, त्यांना नाव कुणाचं आहे? इंदूरचा मुलगा अहिल्याबाई घाटावर झोपला आणि सकाळी उठून फोटो काढून पुढे गेला. काशी विश्वनाथाचं आजचं देऊळ बाईंनी १७८० मध्ये उभं केलं, ठिकठिकाणी घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या, त्या कुणासाठी? वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसासाठीच की. तुझ्यासारख्या. बरं, अहिल्याबाईंचं देणं तुझ्याच्याने फिटायचं नाही, ते राहू दे. बीनाचं ७०० आहे.

नोकरीचं विचारलंयस. सोड नाहीतर धर, मला त्याचं सुतक नाही. २७ वर्षांच्या घोड्याने ते आत्याला विचारू नये. बाबांना पटवायचं कसं, याला माझ्याकडे एक शब्दही नाही, आणि असता तरी दिला नसता. पण बीनाला जाऊन येईपर्यंत पुढच्या प्रवासाच्या सॅकला हात लावायचा नाही.

जाऊनच ये. मित्राच्या मित्राकडून देणं नाही, तिथल्या कुणाचा नंबर मिळवून फोनवरून टाकणं नाही. रेकाँग पिओपर्यंत जाऊन आलेल्या माणसाला बीना लांब नाही. इंदूरहून दुपारी मालवा एक्सप्रेस सुटते, उज्जैन, भोपाळ करत रात्रीपर्यंत बीनाला टाकते. तिकीट कन्फर्म काढ, एवढं तरी शिकला असशील. आणि पँटला आतून चोरखिसा शिवून घे, आईला सांग, तिला येत असेल. त्यात शंभराच्या सात नोटा ठेव, बऱ्यापैकी कोऱ्या. पाचशेची नको, सकाळी सुट्यांचे वांधे असतात.

रात्र स्टेशनवर काढ. तुला सवय आहे. साडेतीनला बाहेर ये.

बाई दिसल्या नाहीत तर शेजारच्या चहावाल्याला विचार. स्टेशनबाहेरची माणसं एकमेकांची सुखदुःखं धरून असतात, आजारी असतील तर घर सांगेल, गाडी दुसरीकडे लावत असतील तर कोपरा दाखवेल. त्या दिवशी नाही भेटल्या तर दुसऱ्या दिवशीपर्यंत थांब. ४३ दिवस होते तुझ्याकडे, ४४वा काढ.

दिसल्या की लगेच नोटा पुढे करू नकोस. गाडी लागू दे. कांदा चिरून होऊ दे, पोहे वाफेवर चढू दे. पहिली प्लेट तू माग आणि रोख वीस रुपये दे. भवानी तुझ्या हातची होऊ दे. ती नोट त्या कपाळाला लावतील, गल्ल्यात टाकतील, मग चोरखिशात हात घाल. ओळख पटली नाही तरी हरकत नाही, रोज शंभर तोंडं बघतात त्या. सांग, दीदी, वो फोन चोरी हुआ था, तीन बजे, सातशे रुपये. नको म्हणाल्या तर डब्याशेजारी ठेव आणि तिथे वाद घालत बसू नकोस, गिऱ्हाईक खोळंबतं. नाव मात्र विचार. या वेळी विचार. फोटो काढायचा नाही. घरी येऊन हा किस्सा छप्पनवर सांगायचा नाही, आणि बाबांनाही आपणहून सांगायचा नाही.

आणि जाताना इंदूरहून पाव किलो जिरावण घेऊन जा. चांगलं, ताजं कुटलेलं. त्यांच्या पोह्यांवर नव्हतं ना?

– आत्या