ईडीएलमधून शॉट लॉग: आधी रीलचं नाव बघा, मग एक्सेल उघडा

तुमचा प्रश्न असा आहे: सारंगखेड्याच्या घोडेबाजारावर चाळीस मिनिटांचा माहितीपट झाला, एडिटरने ईडीएल (एडिट डिसिजन लिस्ट, म्हणजे फिल्ममधल्या कटांची यादी) फाईल दिली, आता तिच्यातून कोणता शॉट कुठल्या कार्डावरचा आणि किती लांबीचा हे एक्सेलमध्ये कसं आणायचं?

मी जळगावात एडिटिंग करतो. लग्नं, अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ आणि वर्षाकाठी एखाददुसरा माहितीपट. हे काम मी अनेकदा केलंय, एकदा फार वाईट अनुभवही घेतलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एक्सेलला अजून हात लावू नका. फाईल आधी साध्या नोटपॅडमध्ये उघडा. ईडीएल म्हणजे निव्वळ मजकूर असतो. वर शीर्षकाची ओळ, मग ड्रॉप फ्रेम की नॉन-ड्रॉप ते सांगणारी ओळ, आणि त्याखाली एकेक कट. मूळ फाईलमध्ये इंग्रजी अक्षरं असतात, पण रचना अशी दिसेल:

००३  ए००२  व्ही  सी  ०१:०४:१२:०८  ०१:०४:१७:००  ०१:००:१४:१०  ०१:००:१९:०२

पहिला आकडा कटचा क्रमांक. मग रील, म्हणजे कार्ड. व्ही म्हणजे चित्र, सी म्हणजे साधा कट. पुढचे चार टाइमकोड, म्हणजे तास:मिनिटं:सेकंद:फ्रेम अशी वेळ: कार्डावर शॉट कुठून कुठपर्यंत घेतला ते पहिले दोन, आणि फिल्ममध्ये तो कुठून कुठपर्यंत बसला ते शेवटचे दोन. खाली तारांकनाने सुरू होणारी ओळ असली तर तिच्यात क्लिपचं नाव असतं. प्रत्येक जोडीतला पहिला इन, दुसरा आऊट. आऊटचा टाइमकोड शॉटमध्ये धरायचा नाही, ती पुढच्या शॉटची पहिली फ्रेम. म्हणून वरचा शॉट चार सेकंद सतरा फ्रेमचा, सेकंदाला २५ फ्रेम धरून एकूण ११७ फ्रेम.

ही मांडणी टेपच्या काळातली. सीबीएस आणि मेमोरेक्स यांनी मिळून काढलेल्या सीएमएक्स कंपनीचं पहिलं संगणकावर चालणारं एडिटिंग यंत्र १९७१ साली आलं, आणि तिच्याच सीएमएक्स ३६०० चं रूप आपण अजून वापरतो. त्यामुळे त्या काळच्या मर्यादाही सोबत येतात: रीलच्या नावाला आठच अक्षरं, जास्तीत जास्त ९९९ कट, आणि चित्राचा एकच ट्रॅक. एडिटरने वरच्या ट्रॅकवर कटअवे (मुख्य शॉटवर मधेच दाखवलेले दुसरे शॉट) टाकले असतील तर प्रत्येक ट्रॅकची वेगळी ईडीएल मागून घ्या, नाहीतर तेवढे शॉट तुमच्या लॉगमध्ये येणारच नाहीत.

आता मुख्य गोष्ट. रीलच्या रकान्यात काय लिहिलंय ते बघा. ए००१, ए००२ अशी नावं असतील तर निम्मं काम झालं. पण सगळीकडे 'एएक्स' दिसत असेल तर थांबा. याचा अर्थ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला रीलचं नाव मिळालेलंच नाही, आणि त्या फाईलवरून केलेली शीट कितीही सुबक दिसली तरी तुम्हाला कार्डापर्यंत नेणार नाही.

हे मी सोसलंय. यावल तालुक्यातल्या एका गावात आम्ही आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाचं चित्रीकरण केलं होतं. झोक्यावर बसून एक आजी गाणी म्हणत होत्या. फिल्ममध्ये त्यांचे चौदा सेकंद ठेवले. दोन वर्षांनी आजी गेल्या आणि नातवाचा फोन आला, "भाऊ, माय पूर्ण गाणं म्हणत होती, ते असेल का तुमच्याकडे?" असणारच होतं. मी ईडीएल काढली तर सगळीकडे एएक्स. क्लिपचं नाव होतं, पण आमचा कॅमेरा कार्ड फॉरमॅट केलं की नंबर पुन्हा एकपासून सुरू करायचा, आणि टाइमकोडही शून्यापासून. म्हणजे त्या नावाची, त्याच टाइमकोडची क्लिप नऊ कार्डांच्या नऊ फोल्डरमध्ये होती. क्लिप चुकीच्या फोल्डरमध्ये कॉपी झालेली होती ती वेगळीच. तीन रात्री बसून एकेक फाईल बघितली तेव्हा गाणं सापडलं, अकरा मिनिटांचं, सलग. त्या दिवसापासून कार्ड कॉपी करतानाच फोल्डरला आणि रीलला तारीख व कार्डाचा क्रमांक देतो, आणि कॅमेऱ्याचा टाइमकोड घड्याळाच्या वेळेवर चालू ठेवतो.

तुमच्या फाईलमध्ये एएक्स असेल तर एडिटरला प्रोजेक्ट उघडून रीलची नावं भरायला सांगा आणि ईडीएल नव्याने काढून घ्या. प्रोजेक्ट अजून जिवंत आहे तोवरच हे होतं.

दुसरं, फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम. ईडीएलमध्ये तो लिहिलेलाच नसतो. ड्रॉप की नॉन-ड्रॉप एवढंच कळतं, २४ की २५ ते नाही. एडिटरला विचारा, आणि खात्रीसाठी फिल्मच्या बाजूचे टाइमकोड चाळा: टाइमकोडच्या शेवटच्या, फ्रेमच्या घरात सर्वांत मोठा आकडा २३ असेल तर २४, २४ असेल तर २५, २९ असेल तर ३०. आपल्याकडे बहुतेक काम २५ वर चालतं. टाइमकोडमध्ये अर्धविराम दिसला तर ते २९.९७ चं ड्रॉप फ्रेम आहे. त्यात दर मिनिटाला दोन क्रमांक गाळतात, दहाव्या मिनिटाला सोडून, त्यामुळे खालचा साधा हिशेब तिथे चालणार नाही.

आता एक्सेल. फाईल डबल क्लिक करून उघडू नका. डेटा टॅबमधून मजकुराची फाईल आयात करा, एन्कोडिंग ६५००१ म्हणजे यूटीएफ-८ निवडा (नाहीतर क्लिपची मराठी नावं चिन्हांचा चिखल होऊन येतील), आणि सगळे रकाने 'टेक्स्ट' ठेवा. तसं नाही केलं तर ००१ चा १ होतो आणि '३-२' नावाच्या रीलची तारीख होते.

स्पेसवर रकाने तोडताना एक खड्डा आहे. साध्या कटच्या ओळीत आठ तुकडे पडतात, पण डिझॉल्वच्या (एक शॉट विरत दुसरा उमटतो त्या) ओळीत डी नंतर त्याची लांबी येते, म्हणजे नऊ. तेवढ्या ओळी एका घराने उजवीकडे सरकतात आणि टाइमकोड भलत्याच रकान्यात जातात. म्हणून चारही टाइमकोड नेहमी उजवीकडून मोजून घ्या, किंवा फाईलमधले रकाने नीट सरळ असतील तर ठरावीक रुंदीवर तोडा. क्लिपच्या नावाची ओळ तिच्या वरच्या कटच्या शेजारी आणून बसवा. पायथॉन जमत असेल तर नियम दोनच: आकड्याने सुरू होणारी ओळ म्हणजे नवा कट, तारांकनाची ओळ म्हणजे आधीच्या कटची माहिती. एडिटर डाविंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरवर असेल तर त्यातून एडिट इंडेक्स, म्हणजे कटांची यादी, थेट सीएसव्ही (एक्सेलमध्ये उघडणारी फाईल) म्हणून निघतो. तो असेल तर ही खटपट वाचते.

लांबीसाठी टाइमकोडचे फ्रेम करा: तास गुणिले ३६०० अधिक मिनिटं गुणिले ६० अधिक सेकंद, या सगळ्याला २५ ने गुणा आणि टाइमकोडमधला फ्रेमचा आकडा त्यात मिळवा. चार टाइमकोडसाठी चार रकाने, मग कार्डावरची लांबी आणि फिल्ममधली लांबी असे दोन. हे दोन आकडे जिथे जुळत नाहीत तिथे शॉटचा वेग बदललाय. तुमच्या फिल्ममध्ये घोडे नदीकाठाने पळताना स्लो मोशन असणारच. तिथे कार्डावरचे ५८ फ्रेम फिल्ममध्ये ११७ झालेले दिसतील, आणि कटखाली एम२ ने सुरू होणारी ओळ असेल. ती पुसू नका.

आणखी एक रकाना तपासणीचा ठेवा: या ओळीचा फिल्ममधला आऊट आणि पुढच्या ओळीचा इन यांतला फरक. शून्य असेल तर ठीक. नसेल तर तिथे काळा पडदा आहे किंवा तुमची एक ओळ हरवली आहे.

डिझॉल्वबद्दल एवढंच की त्याला एकाच क्रमांकाच्या दोन ओळी असतात आणि पहिलीची लांबी शून्य असते. ती फालतू समजून काढू नका. जाणारा शॉट डिझॉल्वभर पडद्यावर असतो, पण त्याच्या आऊटमध्ये तो वेळ दिसत नाही. कुणाचं जुनं फुटेज सेकंदाच्या भावाने घेतलं असेल तर २५ फ्रेमचा डिझॉल्व म्हणजे आणखी एका सेकंदाचे पैसे द्यायचे आहेत.

इथपर्यंत मशीनचं काम. यापुढचे रकाने तुम्हीच भरायचे: जागा, माणूस, शॉटचा आकार, काय बोललं गेलं, परवानगी घेतली का. बोलणं अहिराणीत असेल तर ते अहिराणीतच लिहा आणि शेजारी मराठी शब्द द्या. बाईटमध्ये (मुलाखतीच्या तुकड्यात) 'आंडेर' आलं असेल तर 'मुलगी'ही लिहून ठेवा, म्हणजे उद्या कुणी कुठल्याही शब्दाने शोधलं तरी शॉट हाती लागेल. आणि दत्तजयंतीच्या त्या यात्रेत आलेल्या घोड्यांसमोर नुसतं 'पांढरा घोडा' लिहू नका. घोडेवाल्यांपैकी कुणाला तरी लॅपटॉपसमोर बसवा, चहा द्या, आणि रंग नुकरा, अबलख, कुमैत की मुश्की, जात मारवाडी की काठियावाडी, हे त्यांच्या तोंडून ऐकून भरा. दोनशे शॉटला एक दुपार पुरते.