विचारा तर खरं : मोठ्यांसाठी विज्ञानाची मैफल नसते का?

प्रश्न : वय ४१, बँकेत नोकरी, राहायला नागपुरात त्रिमूर्ती नगर. मागे मुलीला घेऊन रमण विज्ञान केंद्रात गेलो तर खरं सांगू, तिच्यापेक्षा मीच जास्त रमलो, एकेका यंत्रापाशी खेळत बसलो आणि मागे पोरं ताटकळत उभी, शेवटी एक बाई म्हणाल्याच की काका आता मुलांना करू द्या. मोठ्यांसाठी असं काही नसतंच का? आमचा ग्रुप शनिवारी भेटतो, पण जेवण, मोबाईल नि राजकारण, बस. गच्चीवर काही करता येईल का?

उत्तर : असतं नं, भरपूर असतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्सप्लोरेटोरियम या विज्ञान संग्रहालयात गुरुवारी संध्याकाळी फक्त १८ वर्षांवरच्यांना आत सोडतात, हातात ग्लास घ्यायचा आणि सगळी यंत्रं आपलीच, कोणी काका म्हणून हटकत नाही. पण मला सगळ्यात आवडतो तो 'कॅफे सायंटिफिक', १९९८ मध्ये इंग्लंडच्या लीड्स शहरात डंकन डॅलस नावाच्या टीव्हीवाल्याने सुरू केलेला. शास्त्रज्ञाने थोडा वेळ बोलायचं, स्लाइड-बिड काही नाही, मग ब्रेक, सगळ्यांनी उठून आपापलं पेय आणायचं आणि नंतर नुसते प्रश्न. ब्रेक म्हणजे टाइमपास वाटतो पण खरी गंमत तिथेच आहे, कारण चारचौघांत हात वर करायला लाजणारा माणूस शेजारच्याला "हे काय म्हणून राहिले होते बाप्पा?" असं हळूच विचारतो आणि तिथेच प्रश्न तयार होतो.

आपल्याकडे गाडी अडते ती दीपप्रज्वलनात. मग प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ आणि शेवटी 'वेळेअभावी प्रश्न घेता येणार नाहीत'. हे सगळं सरळ कापा.

गच्चीसाठी विषय हवा तर तर्री आहे की! मिरचीतलं कॅप्सेसिन, म्हणजे तिला तिखट करणारा पदार्थ, जिभेवरच्या ज्या रिसेप्टरला (संवेदना पकडणाऱ्या प्रथिनाला) जाऊन चिकटतं, तो टीआरपीव्ही१, मुळात उष्णता ओळखायला असतो, साधारण ४३ अंशांच्या पुढे जागा होतो, म्हणजे आपल्या मे महिन्यातली दुपारच समजा. म्हणून तिखट खाल्लं की जीभ 'भाजली' असं वाटतं, भाजलेली मात्र नसते. डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं त्यात या शोधाचा वाटा मोठा. आता ग्रुपचे दोन गट करा, तर्री चाखल्यावर एकाला थंड पाणी, दुसऱ्याला तेवढंच थंड दूध, आणि कोणाची जळजळ आधी थांबते ते घड्याळ लावून बघा. कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि दुधातलं केसिन नावाचं प्रथिन त्याला धरून ठेवतं, त्यामुळे पैज दुधावर लावा. ॲसिडिटीवाल्यांना घड्याळ सांभाळायला द्या.

संत्र्याचा सीझन असेल तर अजून एक. फुगा चांगला टम्म फुगवा, संत्र्याची साल दुमडून त्याच्या जवळ धरा आणि दाबा. सालीतून जो बारीक फवारा उडतो त्यात लिमोनीन हे सालीच्या तेलातलं द्रव्य असतं, ते रबराला मऊ करतं आणि ताणलेला फुगा फाटकन फुटतो. फुगा जाड रबराचा असला तर ढिम्म हलत नाही, म्हणून स्वस्तातले पातळ आणा. मोठी माणसं हे करताना बघण्यासारखी असतात, साल संपेपर्यंत कोणी जागचं उठत नाही.

प्रश्न : हे ठीक, पण बोलायला शास्त्रज्ञ कुठून आणायचे? आमची कोणाशीच ओळख नाही.

उत्तर : अहो, नागपुरात राहून हे विचारता? वर्धा रोडवर नीरी, म्हणजे पर्यावरणावर काम करणारी राष्ट्रीय संशोधन संस्था आहे, कापूस संशोधन संस्था आहे, अमरावती रोडला लिंबूवर्गीय फळांची संस्था आणि मातीचं सर्वेक्षण करणारं राष्ट्रीय ब्युरो. मोठ्या साहेबांच्या मागे लागू नका, पीएचडी करणारी पोरं बोलवा, त्यांना आपल्या कामाबद्दल विचारणारं घरात कोणी नसतं त्यामुळे मनापासून बोलतात. एवढंच सांगून ठेवा की वीस मिनिटं झाली की चहा येणार, वाक्य अर्धवट असलं तरी.